संगणकाचा चोरदरवाजा : पन्नास वर्षांचा इतिहास

किल्ले बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना चोरदरवाजा ही वस्तू नवी नव्हती. रायगडावर महादरवाजाकडून टकमक टोकाकडे जाणाऱ्या तटात, तट संपण्याच्या थोडे अलीकडे, बुरुजाच्या पोटात एक चोरदिंडी आहे. आतून पायऱ्या उतरून तिच्यापाशी येता येते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र येथे दार असेल अशी शंकाही येऊ नये, अशी तिची रचना आहे. असल्या दिंडीचा मूळ हेतू चांगलाच असतो. महादरवाजा अडला तर आतल्या माणसाला निसटता यावे, बाहेरची बातमी आत यावी, एवढ्यासाठी ती ठेवलेली असते. परंतु ज्या दिंडीने आपला माणूस बाहेर जातो, तिनेच परका आतही येऊ शकतो. आणि तिचा ठाव एकदा फुटला म्हणजे महादरवाजावरचे सारे पहारे व्यर्थ होतात.

आज या व्याख्यानासाठी जमलेल्या मंडळींपैकी बहुतेकांच्या घरी संगणक आहे. पूर्वी लोखंडी कपाटात असे ते सारे आता त्याच्या पोटात असते : बँकेचे व्यवहार, घराची कागदपत्रे, मुलांची छायाचित्रे, खाजगी पत्रे. या यंत्रालाही चोरदरवाजे असतात. मालकाच्या नकळत बाहेरच्या माणसाला आत येऊ देणारी, त्याचा हुकूम ऐकणारी आणि मालकाच्या डोळ्यांपासून लपून राहणारी आज्ञावली, म्हणजे संगणकाचा चोरदरवाजा. तो घरात शिरतो कसा आणि तो काढावयाचा कसा, हे दोन प्रश्न आपल्यापुढे आहेत. त्यांची उत्तरे या दरवाजाच्या इतिहासात चांगली सापडतात. कारण गेल्या पन्नास वर्षांत यंत्रे बदलली, युक्त्या बदलल्या, पण एक गोष्ट बदलली नाही. हा दरवाजा बहुतेक वेळी कोणीतरी टाकलेल्या विश्वासाच्या आधारानेच आत येतो.

विरजणातला दोष

या इतिहासाचा आरंभ घरगुती संगणकाच्या पूर्वीचा आहे. तेव्हा संगणक म्हणजे खोली व्यापणारे यंत्र; एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत आणि एकाचे गुपित दुसऱ्याला दिसू नये ही काळजी असे. १९७२ साली अमेरिकन हवाईदलासाठी जेम्स अँडरसन यांनी एक अहवाल सिद्ध केला. वरून उपयुक्त दिसणाऱ्या आणि आत घात दडविलेल्या आज्ञावलीला 'ट्रोजन घोडा' हे नाव त्यात आढळते. ग्रीकांनी ट्रॉयच्या वेशीबाहेर सोडलेला लाकडी घोडा नगरवासीयांनी आपल्या हातांनी आत ओढून नेला, त्या कथेवरून हे नाव आले. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी 'मल्टिक्स' नावाच्या संगणकव्यवस्थेची हवाईदलातर्फे परीक्षा केली. त्या काळी मल्टिक्सची सुरक्षितता नावाजलेली होती. तरीही तिच्यात शिरकाव करता येतो हे तर त्यांनी दाखविलेच, शिवाय एका विलक्षण शक्यतेकडे बोट दाखविले : इतर आज्ञावल्या घडविणाऱ्या आज्ञावलीतच चोरदरवाजा ठेवला तर?

ही कल्पना जगापुढे ठसठशीतपणे मांडली ती 'युनिक्स'च्या जनकांपैकी एक असलेल्या केन टॉम्पसन यांनी. १९८३ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. त्यानिमित्त त्यांनी दिलेले भाषण ऑगस्ट १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. आशय समजण्यास आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण पुरेसे आहे. दही लावण्यास विरजण लागते आणि विरजण कालच्याच दह्याचे असते. विरजण बिघडलेले असेल, तर आजचे दूध कितीही निर्मळ असो, दही बिघडणार. आणि त्याच दह्याचे विरजण उद्याला जाणार. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणारी 'कंपायलर' नावाची आज्ञावली असते. नवा कंपायलर घडवावयाचा तोही जुन्या कंपायलरच्या साहाय्यानेच. टॉम्पसन यांनी दाखविले ते असे, की या विरजणात दोष मिसळून ठेवला म्हणजे पुढचा प्रत्येक कंपायलर तो दोष घेऊन जन्मतो, आणि त्याच्याकडून घडलेला प्रवेशद्वाराचा पहारेकरी एका गुप्त परवलीच्या शब्दाला मुकाट्याने वाट देतो. मूळ लिखित मजकूर ओळ न् ओळ तपासला तरी त्यात काहीच सापडावयाचे नाही. तात्पर्य, जी आज्ञावली आपण स्वतः संपूर्ण घडविली नाही, तिच्यावर आपला जो विश्वास असतो तो शेवटी तिच्या कर्त्यावरचा विश्वास असतो.

घोडा घरोघर येतो

येथवरची चर्चा विद्वानांची होती. १९९० नंतरच्या दशकात घरोघर संगणक आले, त्यांना इंटरनेट जोडले गेले आणि चोरदरवाजा सामान्य माणसाच्या दारी येऊन उभा राहिला. १९९८ च्या मार्च महिन्यात स्वीडनमधील कार्ल-फ्रेडरिक नेक्टर यांनी 'नेटबस' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'डेफकॉन' या संमेलनात 'कल्ट ऑफ द डेड काऊ' या मंडळीने 'बॅक ऑरिफिस' प्रकट केली. मायक्रोसॉफ्टच्या 'बॅकऑफिस' या मालाच्या नावाचा हा उपहास होता. विंडोजच्या त्या काळच्या आवृत्त्या किती असुरक्षित आहेत हे दाखविणे हाच आपला हेतू, असे कर्त्यांचे म्हणणे होते.

दोन्हींची रचना एकाच धर्तीची. आज्ञावलीचे दोन भाग. एक सेवकाचा, एक धन्याचा. सेवकाचा भाग सावजाच्या यंत्रात जातो, धन्याचा भाग हल्लेखोराच्या टेबलावर राहतो. जाळ्याला जोडलेल्या संगणकाला 'पोर्ट' म्हणून ओळखली जाणारी क्रमांकांची दारे असतात. त्यांची संख्या पासष्ट हजारांवर जाते. सेवक त्यांपैकी एखाद्या आडबाजूच्या दाराशी कान लावून बसतो. नेटबसचा क्रमांक १२३४५, बॅक ऑरिफिसचा ३१३३७. धन्याने तेथे टकटक केली, की सेवक हुकमाची वाट पाहत उभा. मग मालकाने कोणती कळ दाबली हे टिपता येते, फायली नेता येतात किंवा आणून ठेवता येतात, यंत्र बंद करता येते.

बॅक ऑरिफिसचा सेवक सुमारे १२० किलोबाइटांचा होता. त्या वेळच्या एका फ्लॉपीवर असे दहा सहज मावले असते. तो यंत्रात स्वतःची जी प्रत ठेवी, तिच्या नावाच्या जागी केवळ एक रिकामी जागा असे. यादी वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरून जाई. संगणक सुरू होताना कोणकोणत्या आज्ञावल्या चालू करावयाच्या, याची नोंद विंडोजच्या 'रजिस्ट्री' नामक वहीत असते. सेवक तेथे आपले नाव लिहून ठेवी आणि रोज सकाळी मालकाबरोबर जागा होई.

पण हा सेवक मुळात आत कसा जाई? कुलूप फोडून नव्हे. बिळातून डोके काढणाऱ्या प्राण्याला हातोडीने टिपण्याचा एक छोटा गमतीचा खेळ त्या काळी हातोहात फिरत होता. त्याच्या काही प्रतींच्या पोटात नेटबस होता. मित्राने पाठविलेला खेळ म्हणून माणूस तो उघडी, दोन मिनिटे हसे आणि विसरून जाई. त्या दोन मिनिटांत दरवाजा बसलेला असे. चोराला आत घेणारा हात मालकाचाच होता. मौज अशी, की १९९९ साली बॅक ऑरिफिसची नवी आवृत्ती त्याच डेफकॉनमध्ये वाटली गेली, तेव्हा वाटलेल्या चकत्यांमध्येच 'सीआयएच' नावाचा दुसऱ्या कोणाचा तरी विषाणू शिरला होता. चोरदरवाजा वाटणाऱ्यांच्याही घरात कोणी येऊन गेले होते!

दुसऱ्याच्या पापाचा धनी

असले दरवाजे म्हणजे पोरासोरांचे खेळ, असे त्या वेळी अनेकांना वाटे. हा समज किती घातक होता हे स्वीडनमधील एका प्रकरणाने दाखवून दिले. १९९९ साली लुंड विद्यापीठात काम करणाऱ्या कायद्याच्या एका अभ्यासकाच्या संगणकावर बालकांच्या लैंगिक छळाची सुमारे ३,५०० चित्रे आढळली. जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्यांना ती सापडली. यंत्र त्याचे, खोली त्याची. तेव्हा चित्रेही त्याचीच, असा अर्थ जगाने काढला. त्याचे संशोधनाचे पद गेले. नाव जाहीर झाल्यावर त्याला देश सोडून जावे लागले आणि मनाचा तोल राखण्यासाठी वैद्यकीय मदत घ्यावी लागली. २००४ च्या अखेरीस न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. त्याचा संगणक नेटबसच्या द्वारे दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात होता, हे मान्य झाले. पण मधली पाच वर्षे परत कोण देणार?

हा प्रश्न आपल्या परिसरालाही परका राहिलेला नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ साली जप्त झालेल्या एका संगणकाच्या प्रतीची तपासणी बचावपक्षाने अमेरिकेतील 'आर्सेनल कन्सल्टिंग' या संस्थेकडून करविली. ई-पत्रातून आलेल्या 'नेटवायर' या चोरदरवाजाने त्या यंत्रात कागदपत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष संस्थेने २०२१ च्या अहवालात काढला. तपासयंत्रणेने तो मान्य केला नाही. त्या वादाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम, व्याख्यात्याचे नव्हे. आपण घ्यावयाचा बोध एवढाच, की चोरदरवाजा केवळ वस्तू नेत नाही, वस्तू ठेवूनही जातो. आणि 'तुमच्या यंत्रात सापडले म्हणून तुमचे' हे वाक्य आता पूर्वीइतके सरळ उरलेले नाही.

साथीचे दिवस

पुढील दशकात चोरदरवाजाला पाय फुटले. तोवर तो कोणाच्या तरी हातून आत जात असे. आता स्वतःहून पसरणाऱ्या 'वर्म' जातीच्या आज्ञावल्या त्याला पाठीवर घेऊन फिरू लागल्या. ऑगस्ट २००१ मध्ये 'कोड रेड २' आला; त्याने ग्रासलेल्या यंत्रांत तो एक दार उघडे टाकून गेला. पुढच्याच महिन्यात आलेल्या 'निम्डा'ने इतर मार्गांबरोबर नेमक्या त्याच दारांचा उपयोग केला. जानेवारी २००४ चा 'मायडूम' ई-पत्राला जोडून येई आणि ३१२७ क्रमांकाच्या आसपास दार उघडी. फेब्रुवारीत 'डूमज्यूस' त्याच दाराने आत शिरला. एकाने पाडलेल्या भगदाडातून दुसऱ्याने जावे, असा हा प्रकार. अशा सहस्रावधी यंत्रांना एका मुठीत धरून त्यांच्याकडून नकोशी ई-पत्रे पाठविण्याचा, परवलीचे शब्द गोळा करण्याचा धंदाच सुरू झाला. खेळ संपला आणि बाजार उभा राहिला.

बचावाच्या बाजूनेही पाऊल पडले. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारसंचाने, बाहेरून येणारी टकटक अडविणारी 'फायरवॉल' मुळातच चालू ठेवण्याची पद्धत पाडली. परंतु दार ठोठावता येईना तेव्हा चोरांनी रीत उलटी केली. आतला सेवकच बाहेर फोन लावावा तसा धन्याकडे जाऊ लागला. पहारा बाहेरून येणाऱ्यावर होता, आतून जाणाऱ्याला कोण हटकणार? मार्च २००९ मध्ये टोरंटोच्या अभ्यासकांनी उघडकीस आणलेले 'घोस्टनेट' याच जातीचे. दलाई लामांच्या धरमशाला येथील कार्यालयाच्या तक्रारीवरून शोध सुरू झाला आणि १०३ देशांतील १,२९५ ग्रस्त संगणकांपर्यंत पोहोचला. त्यांत परराष्ट्र मंत्रालये आणि वकिलातीही होत्या. साधन होते ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेले, विषयाला धरून लिहिलेले पत्र आणि त्याला जोडलेला कागद. ट्रॉयचा घोडा तोच. फक्त त्याच्यावर आता आपला नावपत्ता लिहिलेला होता.

याच काळातला आणखी एक धडा 'कॉन्फिकर'चा. तो ज्या दोषातून शिरे त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजीच प्रसिद्ध केली होती. कॉन्फिकर आला नोव्हेंबरात. तरीही लक्षावधी संगणक त्याच्या तावडीत सापडले, कारण दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती केलेली असणे यांत आपल्या आळसाएवढे अंतर असते. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभर रुग्णालये आणि कारखाने ठप्प केले, तेव्हाही आवश्यक दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती.

खोटी साक्ष

आता चोरदरवाजा काढून टाकण्याकडे वळू. येथे पहिली अडचण साक्षीची आहे. यंत्रात कोणी लपले आहे काय, हे आपण त्या यंत्रालाच विचारतो. आणि आत शिरलेल्याने यंत्राची जीभच ताब्यात घेतली असेल तर? अशा लपविणाऱ्या आज्ञावलीला 'रूटकिट' म्हणतात. फायलींची यादी मागितली, तर ती स्वतःचे नाव गाळून यादी देते. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच यांनी उघड केले, की सोनी बीएमजी या कंपनीच्या गाण्यांच्या काही चकत्या संगणकात घातल्या की असेच एक झाकण बसते. नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने ते योजले होते. विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारे कोणतेही नाव त्याखाली अदृश्य होई. काही दिवसांतच चोरांच्या आज्ञावल्या ती अक्षरे आपल्या नावापुढे लावून त्याच झाकणाखाली येऊन बसल्या. पैसे मोजून आणलेल्या गाण्याबरोबर घरात आडोसा आला होता.

याहून विलक्षण उदाहरण २०१७ चे. 'सीक्लीनर' ही संगणकातला केरकचरा काढणारी लोकप्रिय आज्ञावली. ऑगस्टमध्ये निघालेल्या तिच्या ५.३३ या आवृत्तीत, कर्त्यांच्याच घरात शिरलेल्या कोणी चोरदरवाजा मिसळला होता. त्या आवृत्तीवर कंपनीची खरी डिजिटल मोहोर होती. सुमारे २२ लाख ७० हजार यंत्रांवर ती गेली. हल्लेखोरांचे खरे लक्ष्य मात्र मोठ्या कंपन्यांची मोजकी यंत्रे होती. लोकांनी झाडू आणला आणि झाडूतून विंचू आला.

दार बुजवावे कसे

या इतिहासावरून उपायांचा क्रम आपोआप लागतो. संशय येताच प्रथम यंत्राचा जाळ्याशी संबंध तोडावा. सेवक आणि धनी यांची गाठ पडली नाही, तर सेवक आंधळा होतो. परवलीचे शब्द बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. ग्रस्त यंत्रावर नवा शब्द लिहिणे म्हणजे तो चोराला वाचून दाखविणे होय. पैशाची फसवणूक झाली असेल, तर ताबडतोब बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पोलिसांत जाण्याचा प्रसंग असेल, तर जाणकाराकडून यंत्राची प्रत काढल्यावाचून काही पुसू नये. लुंडच्या अभ्यासकाची निर्दोषता ठरण्यास चोरदरवाजाचा माग उपयोगी पडला, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर तपासणी. विषाणूविरोधी आज्ञावली हे या कामाचे पहिले साधन. या बाबतीत पुण्याने कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. दुरुस्तीच्या छोट्या धंद्यातून वर आलेल्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० नंतरच्या दशकात येथेच 'क्विक हील' उभी केली. तथापि चालू यंत्राची साक्ष खोटी असू शकते, म्हणून तपासणी बाहेरून व्हावी हे उत्तम. निर्दोष पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, किंवा विंडोजमध्ये असलेल्या 'ऑफलाइन' तपासणीने, आतली व्यवस्था झोपलेली असताना शोध घेता येतो.

आणि दरवाजा खरोखर सापडला, तर? येथे जाणत्यांचे मत सामान्यतः एकच पडते. सापडलेली फाइल पुसून समाधान मानू नये. एक सापडला, पण त्याने आणखी किती दारे उघडली हे यंत्र सांगणार नाही. आपली पत्रे, छायाचित्रे, कागद वेगळे काढावेत. आज्ञावल्या मात्र घेऊ नयेत. मग डिस्क पूर्ण पुसून, कर्त्याकडून सरळ मिळविलेल्या मूळ प्रतीवरून सारी व्यवस्था नव्याने बसवावी, सर्व दुरुस्त्या चढवाव्यात आणि मगच नित्याचा व्यवहार सुरू करावा. विरजण बिघडले असता दही गाळून भागत नाही; शेजारच्या घरून चांगले विरजण आणावे लागते. ज्याला ते देणारा शेजारी हवा, त्याने जुन्या कागदांची एक प्रत यंत्रापासून वेगळी, आधीच ठेवलेली असावी.

अर्ध्या सेकंदाचा पहारा

पन्नास वर्षांच्या या कथेचा शेवट निराशेचा आहे काय? १९७४ मध्ये वर्तविलेली गोष्ट २०२४ मध्ये जवळजवळ तशीच घडली. 'एक्सझेड' ही फायली लहान करणारी, अनेक लिनक्स यंत्रांत असलेली आज्ञावली. तिचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. 'जिया टान' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदत करीत विश्वास मिळविला, जबाबदारी हाती घेतली आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. तो सुरू करणारा दुवा सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात नव्हता, वाटण्यासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. तो सर्वत्र पसरण्यापूर्वी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक क्षुल्लक गोष्ट खटकली : यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. त्याने ती सोडून दिली नाही. मार्च २०२४ च्या २९ तारखेस त्याने सारे जगापुढे ठेवले आणि मोठा अनर्थ टळला.

विश्वासाशिवाय संसार चालत नाही, तसा संगणकही चालत नाही. प्रत्येक आज्ञावली स्वतः लिहून काढणारा गृहस्थ मिळणार नाही. पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्याकडे अधूनमधून पाहावे, न मागता आलेल्या घोड्याला वेशीबाहेरच उभे करावे, आणि नेहमीच्या चालीत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तर 'का?' असे विचारावे, एवढे आपल्या प्रत्येकाच्या हातचे आहे. तटाची उंची वाढविण्याचे काम तज्ज्ञांचे. दिंडीवरचा पहारा ज्याच्या त्याने करावयाचा आहे.